अर्थ सांगण्याचा अधिकार

कर्नाटकातील उडुपी क्षेत्री दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शास्त्र्याला धर्मपीठापुढे बोलावणे आले. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे नाव. घराणे चित्पावन, भक्ती वैष्णव, आचार कडक. त्यांच्यावर आक्षेप एकच होता. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ते संस्कृत शिकवीत होते. तरुणपणी त्यांनी पुण्यात आपल्या गुरूंना दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवताना पाहिले होते, आणि तेव्हाच हा ध्यास घेतला होता. पंडितांच्या सभेत उभे राहून अनंतशास्त्र्यांनी शास्त्रांतलीच वचने काढून दाखवली आणि स्त्रीला विद्या देणे धर्माविरुद्ध नाही हे सभेला पटवून दिले. वेद मात्र त्यांनीही पत्नीला शिकवले नाहीत. ती रेघ त्यांनाही मान्य होती.

या लक्ष्मीबाईंची धाकटी मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. घरकामाला लागण्यापूर्वी, पाखरे जागी होण्याच्या वेळेला आई मुलीला मांडीवर घेऊन पाठ देई. पुढे सारे कुटुंब गावोगावी, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. सन १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले बहीणभाऊ पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

वडिलांच्या त्या सभेनंतर काही दशकांनी, सन १८८५ मध्ये, हीच मुलगी इंग्लंडात चेल्टनहॅम नावाच्या गावी बसून पत्रे लिहीत होती. आता त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. आणि त्यांच्यापुढे प्रश्न आला होता तो जवळजवळ तोच: धर्मग्रंथाचा अर्थ कोणी सांगायचा? समाजाच्या पीठावर बसलेल्यांनी, की वाचणाऱ्याने स्वतः?

वाचकहो, रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे त्यांच्या धर्मांतरावर बोलणे सुरू होते. त्याबद्दल वाईट वाटणारेही आहेत आणि त्यांचा गौरव करणारेही आहेत. मला त्या वादात शिरायचे नाही. मला सांगायचे आहे ते धर्मांतरानंतरचे, जे फारसे सांगितले जात नाही. एक घर सोडून दुसऱ्या घरी गेलेल्या माणसाला तिथल्या उंबऱ्यावर तोच प्रश्न भेटतो तेव्हा तो काय करतो, याची ही हकीकत आहे. परमार्थाच्या वाटेवर चालणाऱ्या कुणालाही ती परकी वाटू नये.

आधी त्या उंबऱ्याची ओळख करून घेऊ. युरोपात शतकानुशतके बायबल लॅटिन भाषेत होते. शेतकऱ्याला, कोष्ट्याला, घरातल्या बाईला ती भाषा येत नव्हती. धर्मगुरू सांगेल तो अर्थ. सन १५१७ मध्ये जर्मनीतील मार्टिन ल्यूथर या भिक्षूने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आवाज उठवला. १५२१ मध्ये त्याला सम्राटापुढे उभे करून आपले लिखाण मागे घेण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला, आणि पुढच्याच वर्षी नव्या कराराचे जर्मन भाषांतर लोकांच्या हाती ठेवले. इंग्लंडात विल्यम टिंडेलला हेच करायचे होते. मायदेशी सोय नव्हती म्हणून तो परदेशी गेला. १५२६ मध्ये त्याने इंग्रजी नवा करार छापला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडात येऊ लागल्या. १५३६ मध्ये त्याला आधी गळा आवळून मारले आणि मग त्याचा देह जाळला.

त्यानंतर तीनच वर्षांत राजाज्ञेने इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवले गेले. पण हाती आलेला ग्रंथ लोक वाचू लागले, त्यावर वाद घालू लागले, तेव्हा त्याच राजाच्या काळात १५४३ मध्ये कायदा झाला. कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य घरातल्या स्त्रिया यांनी इंग्रजी बायबल वाचू नये असे त्यात म्हटले होते. उमराव घरच्या स्त्रियांना वाचायला परवानगी, पण एकट्याने, स्वतःपुरते. पुढच्या राजाच्या काळात हा कायदा रद्द झाला. तरी त्यातली यादी एकदा पुन्हा वाचून पाहावी. कारागीर, नोकर, कुणबी, मजूर, बायका. ही यादी आपल्याला ओळखीची नाही काय?

रोमच्या चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत ठरवले की चर्चने मानलेल्या अर्थाविरुद्ध कुणीही स्वतःच्या बुद्धीच्या बळावर शास्त्राचा अर्थ लावू नये. इंग्लंडच्या चर्चने मधला रस्ता काढला. श्रद्धेच्या वादात निर्णय देण्याचा अधिकार चर्चला आहे, पण बायबलाच्या विरुद्ध काही ठरवण्याचा नाही, असे त्यांच्या कलमांत आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण बायबलाच्या विरुद्ध काय आणि अनुरूप काय, हे कोणी ठरवायचे? गाठ तिथेच राहिली.

आणि चर्चच्या बाजूलाही म्हणणे होते. ते खोटे नव्हते. ज्याने त्याने आपापला अर्थ लावला तर काय होते हे लोकांनी लगेच पाहिले. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. दोघेही रोमच्या विरुद्ध, दोघेही ग्रंथालाच प्रमाण मानणारे. शेवटच्या भोजनात येशूने भाकरीविषयी काढलेल्या एका छोट्या वाक्याचा अर्थ काय, यावर त्यांचे पटले नाही. ते वेगळे झाले ते झालेच. एकच ग्रंथ घेऊन पंथांमागून पंथ निघाले. म्हणून एकोणिसाव्या शतकात, १८३३ पासून, ऑक्सफर्डच्या काही विद्वान धर्मगुरूंनी इंग्लंडच्या चर्चला पुन्हा प्राचीन परंपरेकडे, उपासनेच्या शिस्तीकडे आणि धर्मगुरूंच्या अधिकाराकडे वळवण्याची चळवळ सुरू केली. त्या चळवळीच्या प्रेरणेतून वाँटेज या गावी १८४८ मध्ये विल्यम बटलर या धर्मगुरूंनी भगिनींचा एक मठ स्थापन केला. त्याच मठाच्या भगिनी पुढे पुण्याला पंचहौदाजवळ काम करू लागल्या.

रमाबाईंची आणि त्यांची भेट पुण्यात झाली. तोवर रमाबाईंच्या आयुष्यात बरेच घडून गेले होते. भाऊ वारला होता. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न झाले होते आणि दोन वर्षांच्या आत वैधव्यही आले होते. कडेवर मनोरमा नावाची लहानगी होती. मनातली श्रद्धाही ढासळली होती. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली होती. ज्या ग्रंथाला हात लावायचा नाही असे जन्मभर ऐकले, तो ग्रंथ कुणीतरी सहज भेट दिला होता. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचून काढली, तेव्हा त्यांना दिसले की ग्रंथ एकमेकांशी कितीही भांडोत, स्त्रीला आणि शूद्राला कमी लेखण्यात त्यांचे एकमत आहे. हा त्यांचा निष्कर्ष आपल्याला बोचतो. पण तो अनुभवातून आलेला होता, ऐकीव नव्हता.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. कान अधू असल्यामुळे वैद्यकी राहून गेली. मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा देणारे एक घर दाखवायला पाठवले. तिथली सेवा पाहून त्या हेलावल्या. या बायकांशी तुम्ही इतक्या मायेने कशा वागता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, यहुदी ज्यांच्या हातचे घेत नसत अशा लोकांतली, आयुष्य विस्कटलेली ती बाई. तिच्याशी येशू बोलतो आणि सांगतो की देवाची खरी भक्ती या डोंगरावरही बांधलेली नाही आणि यरुशलेमेतही नाही, ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची असते. रमाबाईंच्या मनाने तिथे ठाव घेतला. नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, यांच्या लिखाणाचाही परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. डोरोथिया बील या तिथल्या प्राचार्या. आणि वाँटेजला होत्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना रमाबाई आपली धर्ममाता मानत आणि आजीबाई म्हणून संबोधत. वाद झाला तो या मायेच्या माणसाशी.

सुरुवात लहान गोष्टींतून झाली. रमाबाई मांस खात नसत, अंडेही वर्ज्य. सिस्टर जेराल्डीनना वाटे की हा जातीचा जुना ताठा अजून गेलेला नाही. रमाबाईंना वाटे की माझ्या ताटाचा आणि माझ्या श्रद्धेचा काय संबंध? मग क्रूसाचा प्रश्न निघाला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. रमाबाईंनी म्हटले, मला लॅटिन येत नाही आणि माझ्या देशातल्या बायाबापड्यांनाही येत नाही. अक्षरे कोरायचीच तर ती संस्कृतात का नसावीत? लॅटिन तेवढी देवाच्या जवळची, असे काही आहे काय?

त्याच सुमारास चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याने चुकीचा समज होईल असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना नवल वाटले. कलकत्त्यात आणि पुण्यात भरसभेत स्त्रीपुरुषांपुढे ज्यांनी व्याख्याने दिली, त्यांना आता इंग्लंडात, सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशात, स्त्री म्हणून पुरुषांपुढे उभे राहू नये असे सांगितले जात होते.

आणि शेवटी वाद मुळाशी पोहोचला. येशूचे देवपण, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य, अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार, या गोष्टी चर्चने सांगितल्या तशा जशाच्या तशा स्वीकारायला रमाबाई तयार नव्हत्या. त्या बायबल वाचत, प्रश्न विचारत, आणि एखादे मत ग्रंथात सापडले नाही तर ते मान्य करण्याचे बंधन आपल्यावर नाही असे म्हणत. लहानग्या मनोरमेला काय शिकवायचे, यावरही मठाशी खटके उडाले. तिला जे समजत नाही ते तिच्याकडून पाठ करून घेऊ नये, असे आईचे म्हणणे.

सिस्टर जेराल्डीन यांची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती आपल्याही ओळखीची आहे. त्या म्हणत, नव्याने जन्मलेल्या बाळाने आईच्या हातचे दूध प्यायचे असते, दुधाची परीक्षा करायची नसते. चर्चने अठराशे वर्षे हा ठेवा सांभाळला. कोणते ग्रंथ प्रमाण आणि कोणते नाहीत, हेही चर्चनेच ठरवले. थोर थोर संतांनी आणि आचार्यांनी ज्यापुढे मान लवविली, त्यावर दोन वर्षांपूर्वी आलेल्या शिष्येने निर्णय द्यावा, यात शोध किती आणि अहंकार किती? गुरूशिवाय ग्रंथ वाचणाऱ्याला स्वतःचाच आवाज देवाचा वाटू लागतो. सज्जनहो, हे वाक्य आपल्या कोणत्याही मठात, कोणत्याही फडावर बोलले जाईल आणि आपण माना डोलवू. त्यात तथ्य आहे.

मे १८८५ मधल्या एका पत्रात रमाबाईंनी उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूंच्या किंवा बिशपांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. मोठ्या कष्टाने मी माझ्या देशातल्या पुरोहितांचे जू मानेवरून उतरवले आहे. तसेच दुसरे जू मी आता मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा मोडायची माझी इच्छा नाही, पण माणसाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट देवाची आज्ञा असते असे मी मानत नाही.

उडुपीच्या सभेत वडिलांनी पीठाला शास्त्राने उत्तर दिले होते. लेक इंग्लंडात तेच करत होती. फरक एवढाच की वडील जिथे थांबले होते त्याच्या पुढे ती गेली.

डोरोथिया बील यांनी दोघींच्या मध्ये उभे राहून समजुतीचा प्रयत्न केला. त्यांचा स्वतःचा विश्वास चर्चवर होता. पण रमाबाईंसारखे मन दटावून वळवता येणार नाही, शंका असलेल्या माणसाला त्याच्या पायाने चालू द्यावे लागते, हे त्यांना शिक्षिका म्हणून कळत होते. त्या रमाबाईंशी तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलत, त्यांचे आक्षेप ऐकून घेत. या पत्रव्यवहारातून रमाबाई चर्चच्या शिस्तीत आल्या नाहीत, पण त्यांनी ख्रिस्तालाही सोडले नाही. हुकूम न देता ऐकणारे एक माणूस त्यांच्याजवळ होते, याचा यात वाटा असावा असे मला वाटते.

सिस्टर जेराल्डीन यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही सारी पत्रे, स्वतःविरुद्धची सुद्धा, त्यांनीच जपून ठेवली, लावून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज रमाबाईंचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो त्यांच्याशी वाद घालणारीच्या हातून. पत्रे जाळून टाकणे सोपे होते.

येथवर ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे रमाबाई बरोबर आणि चर्च चूक. पण गोष्ट इथे संपत नाही.

१८८६ मध्ये रमाबाई डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. देशभर व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. कुणावर धर्म लादायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये पुण्यात मोठा गदारोळ झाला. ज्यांनी त्यांना आधार दिला होता ते न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. मुलींच्या पालकांचा विश्वासभंग झाला असे एका बाजूचे म्हणणे. माझी उपासना मी दार लावून का करावी, असे रमाबाईंचे. वाँटेजला ज्या मुद्द्यावर त्या लढल्या, त्याच मुद्द्याची ही उलटी बाजू होती. तेव्हा मनोरमेच्या कोवळ्या मनावर कुणी आपली मते बिंबवू नयेत असे त्या म्हणत होत्या. आता दुसऱ्यांच्या मुलींचे आईबाप तेच म्हणत होते.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडात आणि अमेरिकेत फिरताना त्यांनी ख्रिस्ती पंथांची गर्दी पाहिली. प्रत्येकजण बायबलाचाच आधार देई आणि प्रत्येकाचे सांगणे वेगळे. त्या अगदी गोंधळून गेल्या होत्या, असे त्यांनीच १९०७ मधल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. म्हणजे सिस्टर जेराल्डीन ज्या धोक्याविषयी बजावत होत्या, तो खरा होता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळायचा आहे. बुद्धीने जिंकलेले वाद त्यांना तिथवर पोहोचवू शकले नव्हते. ती ओढ आतून लागली, आणि मग ज्या मतांवर त्या झगडल्या होत्या त्यांतली बरीचशी त्यांनी आपणहून स्वीकारली. हुकमाने जे झाले नाही ते अनुभवाने झाले.

१८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. तिथे त्यांनी आयुष्यातले शेवटचे मोठे काम हाती घेतले. मिशनऱ्यांचे मराठी बायबल त्यांना जड वाटे. मुक्तीतल्या बाईला ते कळत नव्हते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि मूळ ग्रंथ समोर ठेवून सोप्या मराठीत भाषांतर सुरू केले. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला मुक्तीतल्याच स्त्रिया. १५४३ च्या कायद्याने ज्यांना बायबल वाचण्याची बंदी केली असती, त्या बायका इथे बायबल छापत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम हातावेगळे करून, रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागून प्रसिद्ध झाला.

पण इथेही गंमत पाहावी. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे आता रमाबाई ठरवत होत्या. हिंदू उपासनेचा किंवा वेदान्ताचा वास येईल असे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. ज्यांनी पीठाचे जू झुगारले, त्याच आता शेकडो बायकांसाठी पीठ झाल्या होत्या. याला मी ढोंग म्हणणार नाही. जो दुसऱ्याच्या हाती ग्रंथ देतो, त्याला काही निवड करावीच लागते. अधिकार नको म्हणणाऱ्यालाही एक दिवस अधिकार घ्यावा लागतो. तो कसा घेतला, एवढेच पाहायचे उरते.

आपल्या भाषेत ‘अधिकार’ या एका शब्दात दोन गोष्टी नांदतात. मामलेदाराचा अधिकार आणि साधूचा अधिकार. पहिला खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. ‘त्या महाराजांचा अधिकार फार मोठा’ असे वारकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा असतो. वाँटेजच्या वादात हे दोन्ही एकमेकांत मिसळले होते. बिशप पहिल्या अधिकाराने बोलत होते. सिस्टर जेराल्डीन यांची माया दुसऱ्या प्रकारची होती, पण त्या पहिल्याची भाषा बोलत राहिल्या. रमाबाईंना पहिला नको होता, आणि दुसरा कमवायला त्यांना आणखी चाळीस वर्षे झिजावे लागले.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटले, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्रीशूद्रांना वगळण्याचा जो दोष रमाबाईंना शास्त्रांत दिसला, तो माउलींनी सहाशे वर्षे आधी बोलून दाखवला होता, आणि गीता मराठीत आणून तो भरून काढला होता. तुकोबांवर वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा आक्षेप हाच होता की या शूद्राच्या मुखातून वेदार्थ का यावा. वह्या इंद्रायणीत गेल्या. पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे झाले, ही आपली परंपरा सांगते. पीठाने शेवटी साधूचा अधिकार ओळखला.

पण ‘ज्याला वाटेल त्याने वाटेल तो अर्थ लावावा’ असेही आपल्या संतांनी म्हटले नाही. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून अशुद्ध झालेला पाठ शुद्ध केला आणि कुणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. ज्या नाथांनी भागवत मराठीत आणले, त्यांनीच ग्रंथाला कुंपण घातले. ग्रंथ सर्वांसाठी मोकळा, आणि म्हणूनच तो जसाच्या तसा राखायचा. हे कुंपण माणसाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हते. आणि आपला वारकरी अर्थ शोधतो तो एकटा बसून नव्हे, दिंडीत चालता चालता. पुढचा चुकला तर मागचा सुधारतो, मागच्याचा सूर गेला तर टाळ त्याला सावरतो. तिथे पीठही नाही आणि एकटेपणही नाही.

हे सांगताना अभिमान वाटतो. पण अभिमानापाशी थांबलो तर रमाबाईंची हकीकत आपण फुकट वाचली. पुराणिकाची ही मुलगी भागवत तोंडपाठ म्हणत या देशाच्या तीर्थातीर्थांवरून फिरली. मंदिरांच्या ओवरीत बसून तिने हजारोंना कथा सांगितली. तिला अर्थ विचारायचा होता, आणि तिला विहिरीवरच्या बाईची गोष्ट ऐकायला समुद्रापार जावे लागले. माउलींच्या देशात तिच्या प्रश्नाचे उत्तर होते. ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही, याचा दोष उत्तराला देता येत नाही. तो ते सांभाळणाऱ्यांकडे येतो.

आजही एखाद्या फडावर कुणी मुलगी वीणा घेऊन कीर्तनाला उभी राहू म्हणते, तेव्हा तिच्या पाठांतराची, तिच्या साधनेची चौकशी करावी. ती जरूर करावी. तो साधूचा अधिकार तपासणे आहे. पण तिच्या जन्माची चौकशी आधी केली, तर आपण उडुपीच्या सभेत जाऊन बसलो असे समजावे. आणि त्या मुलीनेही, एक दिवस तिच्यापुढे शंका घेऊन बसणाऱ्याला, आपण मोठ्या झालो म्हणून दटावू नये.

चेल्टनहॅमच्या त्या पत्रांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. वाद इतका कडू झाला, तरी दोघींनी पत्र लिहिणे लवकर सोडले नाही. आजीबाईंना वाटले मुलगी भरकटली, मुलीला वाटले आजीबाई बांधून घालतात. तरी टपाल चालू राहिले, आणि पत्रे जपली गेली. अर्थ कुणाच्या हाती राहिला, याचा निकाल त्यांच्यात लागला नाही. पण विचारणारी विचारत राहिली आणि ऐकणारी, पटले नाही तरी, ऐकत राहिली. आपल्या अंगणात कुणी अर्थ विचारायला आले, तर एवढे तरी आपल्याकडून घडावे.

रामकृष्ण हरी.